मामांचं मीठ आणि बाळाचं आयोडीन

एका 28 वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. माहेर साताऱ्याकडचं, पूर्ण शाकाहारी. सासर मूळचं उरणकडचं, मुक्काम डोंबिवलीत. सासूबाईंच्या भावाचं मिठागर आहे. दर उन्हाळ्यात मामांकडून खड्या मिठाची गोणी येते आणि वर्षभर घरात तेच मीठ चालतं. नवऱ्याला रक्तदाब आहे, म्हणून कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ पाहून त्यांनी स्वतःपुरतं सैंधव आणलं आहे. या भगिनीला दिवस गेले आहेत, सातवा आठवडा सुरू आहे. पहिल्याच तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम मंदावलं की वाढणारा रक्तातला आकडा, थोडा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी सुरू केली आणि विचारलं, "घरात मीठ कोणतं वापरता?"

त्या लिहितात: "सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'अगं, आयोडीन असतं समुद्रातच, मग समुद्राच्या मिठात नसेल का? आमच्या सात पिढ्या हेच मीठ खाऊन वाढल्या, कुणाचा गळा सुजला नाही.' मला उत्तर सुचलं नाही. आयोडीनवाल्या मिठाचा एक पुडा आणून तांदळाच्या डब्यामागे ठेवला आहे. कुणाचं लक्ष नसलं की चिमूटभर ताटात घेते. चोरी केल्यासारखं वाटतं. माझा थायरॉइड या मिठामुळेच बिघडला का? बाळाला काही झालं असेल का? आणि घरात वाद न होता मीठ बदलायचं कसं?"

उत्तर

बाळाचा प्रश्न आधी घेते, कारण तुमची झोप तोच उडवत असणार.

टीएसएच थोडा वाढला म्हणजे आयोडीन कमी पडलं, असं धरून चालू नका. थायरॉइडचं काम मंदावण्याचं आपल्याकडे वारंवार दिसणारं कारण वेगळं आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटते. आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला थायरॉइडची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. आयोडीनची कमतरता हेही कारण असू शकतं, पण एका टीएसएचवरून ते ठरवता येत नाही. लघवीतलं आयोडीन मोजून घ्यावं असं कुणी सुचवलं तर तेही सोडून द्या. तो आकडा रोजच्या जेवणाप्रमाणे वर-खाली होतो. एखाद्या गावाची किंवा जिल्ह्याची स्थिती कळायला तो कामाचा, एका बाईबद्दल तो फारसं काही सांगत नाही. तेव्हा दोष मामांच्या गोणीला देऊ नका आणि स्वतःला तर मुळीच नको.

आता बाळाविषयी. सुरुवातीचे काही महिने बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूच्या घडणीला लागणारं संप्रेरक आईकडूनच जातं. डॉक्टरांनी दिलेली गोळी म्हणजे तेच संप्रेरक आहे. सातव्या आठवड्यात हे सापडलं आणि लगेच उपचार सुरू झाले, हे फार चांगलं झालं. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्याही गोळ्या असतात. त्या आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. सगळ्या गोळ्या एका डबीत भरून नाश्त्याबरोबर एकदम घेणाऱ्या कितीतरी मुली मला भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. आणखी एक. उद्या घरातलं मीठ बदललं म्हणून गोळी बंद करायची नाही. मीठ आणि गोळी एकमेकांची जागा घेत नाहीत.

मग डॉक्टरांनी मिठाची चौकशी का केली? थायरॉइड ग्रंथी हे संप्रेरक आयोडीनपासून बनवते, आणि गरोदरपणी आईच्या ग्रंथीवर जवळजवळ दीडपट काम पडतं. एरवी मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला 250 लागतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढे बाळ स्वतःचं संप्रेरक बनवायला लागतं, तेव्हाही त्याला आयोडीन पुरवायचं ते आईनेच. टीएसएच अगदी उत्तम असता, तरी हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते वाचून मी थोडा वेळ थांबले, कारण त्यात अर्धी गोष्ट अगदी खरी आहे. आयोडीन समुद्रातच असतं. पावसाने, पुराने, वितळणाऱ्या बर्फाने जमिनीतलं आयोडीन धुऊन निघतं आणि शेवटी समुद्राला मिळतं. म्हणून तर डोंगराळ आणि पुराच्या मुलखात गलगंड, म्हणजे आयोडीन कमी पडून थायरॉइड सुजल्याने गळ्याला येणारी गाठ, जास्त. पण समुद्रातलं आयोडीन मिठात उतरतं का, हा पुढचा प्रश्न आपण कुणी विचारत नाही.

मिठागरात काय होतं ते सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं, मीठ पिकलं की ओढून काठावर राशी लावायच्या. राशी निथळतात आणि वाफ्यात तळाला दाट, कडवट पाणी उरतं. ते मिठाबरोबर घरी येत नाही. आयोडीन पाण्यात इतकं सहज विरघळलेलं राहतं की मीठ खड्यांत जमून बाहेर आलं तरी ते बहुतेक त्या कडवट पाण्यातच मागे राहतं. थोडं हवेत उडून जातं.

हिशेबच करून पाहा. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन सुमारे 60 मायक्रोग्रॅम. समजा त्यातला कण न् कण मिठात उतरला, तरी चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम मिठात 8-9 मायक्रोग्रॅम येईल. तुम्हाला हवं आहे 250. आणि प्रत्यक्षात ते 8-9 देखील येत नाही.

मग सात पिढ्यांचा गळा कसा सुजला नाही?

मला वाटतं, याचं उत्तर मिठाच्या बरणीत नाही, शेजारच्या कालवणाच्या टोपात आहे. समुद्राच्या पाण्यातलं आयोडीन गोळा करून साठवतात ते शेवाळ, मासे, कोळंबी. उरणच्या घरात सासूबाई लहान असताना रोजच्या ताटात काय होतं, ते त्यांनाच विचारा. ओलं नसेल तेव्हा सुकट, जवळा, पावसाळ्यात सुके बोंबील. त्या घराला आयोडीन मिळत होतं ते माशातून. मीठ फक्त चवीला होतं, आणि चव उत्तम होती.

तुम्ही त्या घरात आलात सातारच्या शाकाहारी ताटानिशी. मीठ तेच खाता, मासे खात नाही. एकाच स्वयंपाकघरात राहूनही तुमचं आणि सासूबाईंचं आयोडीन वेगवेगळं आहे, आणि हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सगळ्यांनी बरणीकडेच पाहिलं. सासूबाईंचा अनुभव खोटा नाही, त्याचं श्रेय तेवढं चुकीच्या पदार्थाला गेलं. त्यांच्याशी बोलताना सुरुवात इथूनच करा. "तुमचं मीठ वाईट" असं म्हटलंत तर तो त्यांच्या भावाचा अपमान होईल. "आई, मी मासे खात नाही, मग माझं आयोडीन कुठून येणार?" असं विचारलंत, तर तोच प्रश्न त्यांचाही होईल.

आयोडीनयुक्त मीठ हे कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे, असंही अनेक घरांत ऐकते. त्यांना मी कांगडा खोऱ्याची गोष्ट सांगते. हिमाचलातल्या त्या खोऱ्यात तेव्हा गलगंड सर्रास होता. गळ्याला गाठ असलेली आई आणि गळ्याला गाठ असलेली मुलगी एकाच घरात, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे. 1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ पोचवलं, तिसऱ्यात नेहमीचं साधं. हवा तीच, पाणी तेच, शेती तीच. सहा वर्षांनी पाहिलं तर पहिल्या दोन भागांत मुलांमधला गलगंड चांगलाच उतरला होता, तिसऱ्यात होता तसाच. मग तिसऱ्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ दिलं आणि तिथेही तो उतरला. या कामानंतर 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे कळलं की गळ्याची गाठ हे नुसतं डोळ्यांना दिसणारं लक्षण आहे. गर्भपात, मूल मृत जन्मणं, बाळाची बुद्धी मागे राहणं हे न दिसणारं नुकसान त्याहून मोठं होतं. म्हणून 1992 मध्ये कार्यक्रमाचं नावच बदलून आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम केलं.

आयोडीनयुक्त मिठाची सक्ती मात्र आपल्या देशात सरळपणे झाली नाही. 2000 साली केंद्राने खाण्यासाठी साधं मीठ विकण्यावरची बंदी उठवली, नंतर 2006 पासून पुन्हा लागू केली. छोट्या मिठागरवाल्यांची बाजू त्या वादात होती आणि मला ती परकी वाटत नाही. 1930 मध्ये कोकणातल्या शिरोड्याला मिठाच्या सत्याग्रहात लोकांनी लाठ्या खाल्ल्या. आपल्या किनाऱ्यावर मीठ हा नुसता जिन्नस कधीच नव्हता. मामांसारख्या माणसांना आयोडीन मिसळायची सोय जवळपास मिळाली असती, तर तुमच्या घरात हा प्रश्न उभाच राहिला नसता. पण तुमचं बाळ त्या सोयीची वाट पाहू शकत नाही.

"पुड्यातल्या मिठात केमिकल असतं" हे सासूबाई अजून म्हणाल्या नसतील, पण म्हणतील. घातलेलं असतं ते पोटॅशियम आयोडेट. घरी पोचेपर्यंत मिठात 15 पीपीएम तरी आयोडीन उरायला हवं असा नियम आहे, म्हणजे किलोभर मिठात 15 मिलिग्रॅम. मीठ मोकळं राहावं म्हणून आणखी एखादा घटक अगदी थोड्या, कायद्याने बांधलेल्या प्रमाणात असतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या फेरोसायनाइड या नावावरून सायनाइडची अफवा उठली होती. त्यातलं सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेलं असतं, त्यातून विष सुटत नाही.

नवऱ्याच्या सैंधवाबद्दल थोडक्यात. सैंधव हेही मीठच, त्यातही बहुतांश सोडियम क्लोराइडच असतं. रक्तदाबाला रंग कळत नाही, प्रमाण कळतं. आयोडीन त्यात नावापुरतंच, मुद्दाम मिसळलं असेल तर गोष्ट वेगळी. उपासाला वापरा, रोजला नको. आणि कमी सोडियमचं मीठ आणायचं मनात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकतं.

आता तुमच्या चिमटीकडे वळते. ती आजपासून बंद करा. कारण चोरी हे नाही. भाजी-आमटीत खडे मीठ आधीच पडलेलं आहे, त्यावर तुम्ही आणखी मीठ घेता आहात. मिठाचं प्रमाण वाढतं आणि आयोडीन चिमटीभरच मिळतं. दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत मीठ हवं. तेवढंच खायचं, फक्त आयोडीनचं खायचं. घरात किती मीठ जातं ते पाहायला सोपा ठोकताळा: चार माणसांच्या घरात किलोचा पुडा पन्नास दिवस पुरला तर माणशी 5 ग्रॅम झालं. तो महिन्यातच संपत असेल तर आठाच्या वर गेलात. पापड, फरसाण, वेफर्स यांतलं मीठ वेगळं, आणि त्यात आयोडीन असेलच असा भरवसा नाही.

हेही कबूल करायला हवं की 5 ग्रॅम मिठातून, 15 पीपीएमने, 75 मायक्रोग्रॅमच मिळतं. शिजताना त्यातलंही थोडं जातं. म्हणून गरोदर बाईने मिठावर सगळा भार टाकू नये. दूध, दही, ताक रोज घ्या. गाई-म्हशींच्या चाऱ्याप्रमाणे दुधातलं आयोडीन कमी-जास्त होतं, पण शाकाहारी घरात तेवढा दुसरा आधार नाही. अंडं चालत असेल तर उत्तम, एका अंड्यातून 25 मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं. मासे खायची सक्ती स्वतःवर करू नका, आणि कुणी केली तर या पत्राचा आधार घ्या. गरोदरपणाच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांपैकी काहींत 150 मायक्रोग्रॅम आयोडीन असतं, काहींत मुळीच नसतं. तुमच्या गोळीची पट्टी डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा. स्वतःहून समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल किंवा आयोडीनचे थेंब मात्र घेऊ नका. जास्त झालेलं आयोडीनही थायरॉइड बिघडवतं, आणि तुमची ग्रंथी आधीच नाजूक आहे.

कोबी, फ्लॉवर, मुळा बंद करायला सांगणारे भेटतील. या भाज्या आणि बाजरी यांत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात हे खरं, पण त्यांचा त्रास होतो तो आयोडीन मुळात कमी असताना आणि रोजच्या रोज त्याच गोष्टी खाल्ल्या तर. शिजवलेली कोबीची भाजी, हिवाळ्यात बाजरीची भाकरी खुशाल खा.

आता बरणी. मीठ बदलायचं ते सगळ्या घराचं बदला, तुमच्या एकटीचं नको. खड्यांचीच सवय असेल तर आयोडीनयुक्त खडे मीठही बाजारात मिळतं. पुड्यावर "आयोडीनयुक्त" हा शब्द आणि पॅकिंगची तारीख पाहून घ्या, सहा महिन्यांचा साठा करू नका. मी ज्या घरांत जाते तिथे मिठाचं भांडं हटकून शेगडीला लागून असतं, झाकण अर्धवट, आत ओला चमचा. वाफ, उष्णता आणि उजेड यांनी आयोडीन घटतं. घट्ट झाकणाची बरणी घ्या, शेगडीपासून लांब ठेवा, कोरडा चमचा वापरा. शक्य असेल तिथे मीठ शेवटी घाला.

मामांच्या गोणीला घरातून हद्दपार करू नका. लोणच्याला, कैऱ्या मुरवायला, आवळ्याला, मासे खारवायला, घसा धरला की गुळण्यांना ते मीठ राहू दे. साठवणीच्या कामाला साधं मीठ विकायला कायद्यानेही मुभा ठेवली आहे. वर्षाची गोणी सहज संपेल.

तरी सासूबाईंना पटलं नाही तर त्यांना डोळ्यांनी दाखवा. मी एकदा अंगणवाडीत आशाताईंना मीठ तपासताना पाहिलं. बायकांनी घरून कागदाच्या पुडीत मीठ आणलं होतं. ताईंनी छोट्या बाटलीतून एकेक थेंब टाकला. एका पुडीत जांभळट निळा डाग उमटला, शेजारच्या पुडीतलं मीठ फक्त ओलं झालं. ज्या आजींची ती दुसरी पुडी होती, त्यांनी थेंब पुन्हा टाकायला लावला, मग आणखी एकदा. कुणाला एक शब्द समजवावा लागला नाही. तुमच्या भागातल्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात हा संच आहे का ते विचारा. नेमकं प्रमाण त्यावरून कळत नाही, आयोडीन आहे की नाही तेवढं कळतं. तुमच्या घरापुरतं ते पुरेसं आहे.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलींनीही, या निमित्ताने, घरातलं मीठ उचलून पाहावं. ब्रिटनमध्ये दुकानातलं बहुतेक मीठ आयोडीनचं नसतं, तिथली माणसं ते दुधातून मिळवतात. तिथे राहून दुधाऐवजी बदामाचं किंवा ओटचं पेय घेत असाल आणि मासेही खात नसाल, तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. अमेरिकेत आयोडीनचं मीठ सहज मिळतं, पण सी सॉल्ट आणि कोशर सॉल्टमध्ये ते बहुधा नसतं.

तुमचा टीएसएच आता साधारण दर चार आठवड्यांनी पाहतील. पुढच्या खेपेला सासूबाईंना बरोबर घेऊन जा आणि मिठाचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या, मिठागराची सगळी माहिती त्यांच्याकडेच आहे. त्याआधी आज संध्याकाळी तांदळाच्या डब्यामागचा पुडा काढून ओट्यावर ठेवा. त्या विचारतील, तेव्हा माशांपासून सुरुवात करा.